सायकलमागे कुत्रा लागला तर काय करावे? कारणे, बचाव, उपचार आणि ग्रामपंचायतीची जबाबदारी. वाचा सविस्तर माहिती

वाडी-वस्तीवरून शाळेला निघालेल्या मुली, पहाटे पेपर टाकणारी पोरं, पोलीस भरतीच्या तयारीसाठी सायकल हाणणारे तरुण आणि रानात कामाला जाणारे मजूर. ग्रामीण तालुक्यांत आजही सायकल हे रोजचं वाहन आहे. या सगळ्यांची एक तक्रार मात्र सारखीच असते. अमुक वळणावर कुत्री मागे लागतात. मोठ्या माणसाला ही किरकोळ बाब वाटते. पण आठवीतली मुलगी रोज त्याच वळणावरून जाते, तेव्हा तिच्यासाठी हा शाळा चालू राहील की बंद पडेल इतका मोठा प्रश्न होऊ शकतो.

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. एसटी न पोहोचणाऱ्या वस्त्यांवरच्या मुलींची शाळा या सायकलींमुळे सुटली नाही. पण सायकल मिळाली तरी रस्ता तोच राहिला. पाणंद रस्ता, कालव्याच्या कडेची वाट, शिवरस्ता. या वाटांवर बैलगाडी, ट्रॅक्टर, गुरं, शेळ्या, सायकल आणि कुत्री सगळ्यांचीच ये-जा असते. तिथं कुत्रा आणि सायकल समोरासमोर येणारच. अशा वेळी काय करावे, चावल्यास काय करावे आणि गावाने काय करायला हवे, याची ही एकत्रित माहिती.

प्रश्न किती मोठा आहे?

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री आहेत. त्यांपैकी महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास आहेत. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये देशभरात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली. महाराष्ट्रातला आकडा ४ लाख ८० हजारांच्या वर होता.

हे आकडे दवाखान्यात नोंद झालेल्यांचे आहेत. कुत्रं मागे लागलं म्हणून सायकलवरून पडून हात मोडला, तर त्याची नोंद 'कुत्रा चावला' अशी होत नाही. सायकलस्वाराच्या बाबतीत खरा धोका दोन ठिकाणी असतो. एक चाव्याचा, दुसरा पडण्याचा. घाबरून जोरात पायडल मारताना खडीवर घसरणे, मागे बघताना समोरच्या वाहनावर आदळणे, कुत्रं पुढच्या चाकात येणे, या प्रकारांत डोक्याला मार लागू शकतो.

कुत्रा सायकलच्याच मागे का लागतो?

याची कारणे साधी आहेत. ती कळली की बचावही सोपा होतो.

पळती वस्तू: पळणाऱ्या वस्तूमागे धावणे ही कुत्र्याची उपजत सवय आहे. सायकल आवाज न करता येते, एकदम जवळ पोहोचते आणि पाय वर-खाली हलत असतात. कुत्र्याचं लक्ष नेमकं त्या पायांवर जातं. म्हणून सायकलस्वाराला चावा बहुतेक वेळा पोटरीला किंवा घोट्याला बसतो.

हद्द: वस्तीवरचं, मळ्यातलं कुत्रं आपल्या घराचा, गोठ्याचा भाग राखत असतं. सायकल त्या भागातून जाताना ते भुंकत मागे लागतं आणि हद्द संपली की थांबतं. सायकल पुढे निघून जाते म्हणून कुत्र्याला वाटतं की आपणच हाकललं. त्यामुळे रोज तोच खेळ चालू राहतो आणि सवय पक्की होते.

पिल्लं: व्यालेली कुत्री पिल्लांच्या जवळपास कुणालाही येऊ देत नाही. एरवी गरीब असलेली कुत्रीही अशा वेळी अंगावर येते.

माज: 'भादव्यातली कुत्री' हा शब्दप्रयोग उगाच आलेला नाही. पावसाळ्याच्या शेवटापासून कुत्र्यांचा माजाचा काळ सुरू होतो. एका मादीमागे अनेक नर फिरतात, आपसात भांडतात. अशा घोळक्यातून सायकल घालणे धोक्याचे असते. कुत्रीचा गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे आणि थंडीत पिल्लं दिसू लागतात. भाद्रपद ते पौष हा काळ म्हणूनच जास्त जपण्याचा.

खाणं: मटण-चिकनच्या दुकानामागची घाण, पोल्ट्रीबाहेर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या, मंगल कार्यालयाचं उरलेलं अन्न, आठवडे बाजाराचा तळ. जिथं आयतं खाणं, तिथं टोळी. एकटं कुत्रं सहसा भुंकून थांबतं. टोळीतलं एक धावलं की बाकीची धावतात.

जुना अनुभव: ज्या कुत्र्याला सायकलवरून दगड, काठी किंवा लाथ बसलेली असते, ते पुढच्या प्रत्येक सायकलला शत्रू समजतं. एका पोराने केलेली मस्ती दुसऱ्याच पोराला महागात पडते.

कोणता कुत्रा आहे ते आधी ओळखा

गावातली भटकी कुत्री: ही बहुतेक माणसाला सरावलेली असतात. दिवसा चौकात झोपलेली दिसतात. रात्री आणि पहाटे रस्ता मोकळा झाला की हीच कुत्री आक्रमक होतात. पहाटे निघणाऱ्यांना त्रास जास्त होतो तो यामुळेच.

वस्तीवरची राखणीची कुत्री: यांना मालक असतो. ही रस्त्यावर येतात ती मोकळी सोडलेली असतात म्हणून. इथे तोडगा मालकाशी बोलूनच निघतो.

मेंढपाळांची कुत्री: दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. शेतात मेंढ्या बसवल्या जातात. त्यांच्याबरोबरची कुत्री लांडग्यापासून कळप राखण्यासाठीच असतात. कळप आणि सायकलस्वार यांच्या मध्ये ती उभी राहतात. कळप रस्ता ओलांडत असेल तर सायकल लांबच थांबवावी, उतरावे आणि मेंढपाळाला हाक मारावी. त्याच्या एका आवाजावर कुत्री मागे फिरतात. कळपात सायकल घालू नये.

ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांजवळची कुत्री: गळीत हंगामात फडाच्या कडेला, कारखान्याच्या रस्त्यावर ही दिसतात. जागा त्यांना नवी असते, माणसं अनोळखी असतात. इथंही उतरून चालत जाणं बरं.

मागे लागला तर नेमकं काय करायचं?

बहुतेक जण पहिल्यांदा जे करतात तेच चुकतं, ते म्हणजे वेग वाढवणं. गावठी कुत्रा थोड्या अंतरात ताशी ३० किलोमीटरच्या पुढे पळू शकतो. दप्तर लावलेली शाळेची सायकल खराब रस्त्यावर त्याच्या निम्म्यानेही पळत नाही. शर्यत जिंकता येत नाही आणि पळणाऱ्या वस्तूमागे कुत्रा आणखी जोरात येतो.

त्याऐवजी हा क्रम लक्षात ठेवावा.

१) लांबूनच घंटी वाजवावी. झोपलेलं कुत्रं दचकून उठलं की चावण्याची शक्यता वाढते. घंटी अगदी जवळ गेल्यावर नको, वीस-पंचवीस पावलं आधी हवी.

२) वेग कमी करावा. कुत्रं उभं राहून रोखून बघत असेल, कान टवकारले असतील, अंग ताठ असेल तर पायडल थांबवावं. पाय हलायचे थांबले की बऱ्याच कुत्र्यांचा उत्साह तिथंच संपतो.

३) अंगावर येत असेल तर सायकलवरून उतरावे. आपण आणि कुत्रं यांच्या मध्ये सायकल धरावी. सायकल हीच ढाल. कुत्रं बाजू बदलेल तशी सायकल फिरवावी.

४) पळू नये, किंचाळू नये. डोळ्यांत रोखून बघू नये, पण पाठही फिरवू नये. खालच्या, जड आवाजात 'हाड!', 'घरी जा!' असं म्हणावं. बारीक, घाबरलेल्या आवाजाने कुत्रं चेकाळतं.

५) सावकाश चालत त्याची हद्द ओलांडावी. कुत्रं थांबलं तरी लगेच सायकलवर टांग मारून सुसाट निघू नये. वीस-तीस पावलं चालावं आणि मग बसावं.

६) लाथ मारू नये. चालत्या सायकलवरून लाथ मारताना तोल जातो आणि पाय थेट कुत्र्याच्या तोंडासमोर येतो. दगड उचलण्यासाठी नुसतं खाली वाकलं तरी गावातली बरीच कुत्री मागे सरकतात. प्रत्यक्ष दगड मारला तर कुत्र्याचा राग उद्याच्या सायकलवर निघतो.

७) टोळी असेल तर मधून जाऊ नये. थांबावे, कुणी मोठं माणूस किंवा वाहन येण्याची वाट बघावी किंवा दुसरी वाट धरावी. शाळेला पाच मिनिटं उशीर झाला तर चालतो.

८) पडल्यास: दप्तर पुढे ओढून घ्यावे. कुत्रं तुटूनच पडलं तर पोटाशी गुडघे घेऊन, दोन्ही हातांनी मान आणि कान झाकून, तोंड जमिनीकडे करून गप्प पडावे. चेहरा, मान आणि हाताची बोटं वाचवणं सगळ्यात महत्त्वाचं.

उतारावर हे नियम थोडे बदलतात. घाटात किंवा पुलाच्या उतारावर सायकल आधीच वेगात असेल आणि कुत्रं बाजूने धावत असेल, तर एकदम ब्रेक दाबू नये. पुढचा ब्रेक जोरात लागला तर सायकल उलटते. हँडल सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत वेग उतरवावा. समोर कुत्रं आडवं आलं तरी हँडल झटक्यात वळवू नये. मागून येणाऱ्या वाहनाला त्याचा अंदाज येत नाही.

शाळेला जाणाऱ्या मुलामुलींसाठी

एका वाटेच्या सगळ्यांनी मिळून निघावे. तीन-चार सायकली एकत्र असल्या की कुत्री सहसा लांबूनच भुंकतात. मात्र शर्यत लावू नये. सगळ्यात मागे राहिलेल्या लहान मुलावरच कुत्रं जातं. मोठ्या मुलीने किंवा मुलाने मागे राहावे.

ओढणी आणि दप्तराचे लोंबणारे पट्टे नीट बांधावेत. कुत्र्याचं तोंड लोंबत्या कापडाकडे जातं. शिवाय ओढणी चाकात अडकून होणारे अपघात वेगळेच. डब्यातली पोळी किंवा बिस्किटं वाटेतल्या कुत्र्याला टाकण्याची सवय लावू नये. एकाने खायला घातलं की दुसऱ्या दिवशी कुत्रं प्रत्येक सायकलजवळ येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मुलं चावा लपवतात. 'घरी सांगितलं तर सायकल बंद होईल', 'आई शाळेतून काढेल', 'इंजेक्शन टोचतील' ही भीती त्यांच्या मनात असते. मुलींच्या बाबतीत ती खोटीही नसते. वाटेत त्रास झाला की शाळा बंद करण्याचा निर्णय काही घरांत लगेच होतो. म्हणून पालकांनी आणि वर्गशिक्षकांनी मुलांना आधीच सांगून ठेवायला हवं की कुत्रं चावलं, नख लागलं तरी कुणी रागावणार नाही, सायकल बंद होणार नाही, फक्त त्याच दिवशी सांगायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार रेबीजने दगावणाऱ्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुलं असतात. न सांगितलेला ओरखडा हे त्यामागचं एक मोठं कारण आहे.

चावल्यास पहिली पंधरा मिनिटं

रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेतून जखमेत जातो आणि मज्जातंतूंमधून मेंदूकडे सरकतो. लक्षणं दिसायला बहुतेक वेळा दोन-तीन महिने लागतात. कधी आठवडाभरात, तर कधी वर्षानेही दिसतात. लक्षणं सुरू झाली की माणूस वाचत नाही. पण त्याआधी योग्य उपचार घेतले तर हा आजार जवळपास पूर्ण टाळता येतो.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटं धुवावी. रानात असाल तर विहिरीची मोटार, हापसा, टँकर, कुठलंही स्वच्छ पाणी चालेल. कपडे धुण्याचा साबणही चालतो. नंतर पोव्हिडोन आयोडीन किंवा स्पिरिट लावावे. पट्टी घट्ट बांधू नये. टाके घालण्याची घाई करू नये, तो निर्णय डॉक्टरांचा.

जखमेवर हळद, चुना, मिरचीपूड, तंबाखू, तेल, माती, झाडपाला काहीही लावू नये. यातल्या बऱ्याच गोष्टींनी जखम चिडते आणि विषाणू आत जायला मदतच होते. मंत्र-तंत्र, उतारा, धागा यांत गेलेला एक दिवसही परत मिळत नाही.

कपड्यावरून चावा बसला तर सलवार किंवा पँट फाटलेली नसली तरी आत बघावे. कापड न फाटता आतल्या कातडीला दात लागलेला असू शकतो. सायकलवरून पडून गुडघा खरचटला आणि त्याच वेळी कुत्र्याचं तोंड लागलं, तर त्याला नुसतं खरचटणं समजू नये. उघड्या जखमेला लाळ लागणं हे चाव्याइतकंच गंभीर धरलं जातं.

किती लागलं, काय उपचार?

डॉक्टर तीन प्रकार करतात.

पहिला प्रकार: कुत्र्याला हात लावला, खायला घातलं किंवा न फुटलेली कातडी चाटली. धुतलं की पुरे, लस लागत नाही.

दुसरा प्रकार: रक्त न आलेला ओरखडा, उघड्या कातडीला बारीक चावा. जखम धुणे आणि लस.

तिसरा प्रकार: रक्त आलेला चावा किंवा ओरखडा, फुटलेल्या कातडीवर चाटणे, तोंडात-डोळ्यांत लाळ जाणे. जखम धुणे, लस आणि शिवाय जखमेत द्यायचे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन.

लस दंडात देतात. सरकारी दवाखान्यांत प्रामुख्याने कातडीत द्यायची पद्धत वापरतात. त्यात पहिला दिवस धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी डोस असतात. स्नायूत द्यायच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ आणि २८ असे पाच डोस होतात. तीन डोसनंतर जखम भरली म्हणून चौथा डोस चुकवणारे बरेच असतात. तसं करू नये. तारखा दवाखान्याच्या कार्डावर लिहून घ्याव्यात आणि कार्ड जपून ठेवावे.

इम्युनोग्लोब्युलिन हे तयार संरक्षण असतं. लसीचा परिणाम व्हायला काही दिवस लागतात. तोपर्यंत विषाणूला जखमेतच रोखण्याचं काम ते करतं. म्हणून ते जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. पहिल्या दिवशी मिळालं नाही, तर लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत ते घेता येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस मिळते, पण इम्युनोग्लोब्युलिनसाठी अनेकदा ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवलं जातं. अशा वेळी पहिला डोस जवळच्या केंद्रातच घ्यावा, चिठ्ठी घ्यावी आणि त्याच दिवशी पुढे जावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारावे.

गैरसमज आणि खरी माहिती

'पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात.' ही जुनी पद्धत. त्या लसीचं उत्पादन देशात २००४ च्या अखेरीस थांबलं. आता पोटात इंजेक्शन देत नाहीत.

'पिल्लू होतं, काही होत नाही.' चूक. पिल्लालाही रेबीज होतो.

'पाळलेला कुत्रा आहे, दहा दिवस बघू मग ठरवू.' उपचार पहिल्याच दिवशी सुरू करायचे आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं. दहा दिवसांनी कुत्रं धडधाकट असेल तर पुढच्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर सांगतात.

'मागच्या वर्षी लस घेतली होती, आता गरज नाही.' गरज आहे, पण कमी. आधी पूर्ण लस घेतली असेल तर बहुतेक वेळा ० आणि ३ व्या दिवशी दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. जुनं कार्ड यासाठीच जपायचं.

'गरोदर बाईने लस घेऊ नये.' चूक. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईनेही लस घ्यायलाच हवी.

पिसाळलेलं कुत्रं कसं ओळखावं?

कारण नसताना दिसेल त्याला चावणं, दगड-काड्या चावणं, आवाज बदलणं, लाळ गळणं, खालचा जबडा लोंबणं, चालताना मागचे पाय लडबडणं ही लक्षणं आहेत. मात्र प्रत्येक पिसाळलेलं कुत्रं धावून येतंच असं नाही. काही कुत्री एका कोपऱ्यात गप्प पडून राहतात. घशात हाड अडकलंय असं समजून त्यांच्या तोंडात हात घालणाऱ्यांना लागण होण्याचा धोका असतो. असं कुत्रं दिसल्यास जवळ जाऊ नये. ग्रामपंचायत आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे आणि शाळेलाही लगेच सांगावे.

कायदा काय सांगतो?

भटक्या कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे. १० मार्च २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार कुत्री पकडून त्यांची नसबंदी आणि रेबीज लसीकरण करायचे आणि त्यांना पकडलेल्या जागीच परत सोडायचे. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून काप दिलेला असतो. कान कापलेलं कुत्रं दिसलं की त्याची नसबंदी झाली असं समजावं.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हीच पद्धत कायम ठेवली. मात्र रेबीज झालेली, तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री परत सोडू नयेत, तसेच रस्त्यावर कुठेही खायला न घालता ठरवून दिलेल्या जागीच घालावे, असे सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडा संकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून कुत्री हटवावीत, आवाराला कुंपण असावे आणि तिथली कुत्री पुन्हा तिथेच सोडू नयेत, असे निर्देश दिले.

सायकलवर येणाऱ्या मुलांच्या दृष्टीने यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा आदेश शाळेच्या आवारासाठी आहे. वस्तीपासून शाळेपर्यंतचा तीन-चार किलोमीटरचा रस्ता त्यात येत नाही. त्या रस्त्यासाठी नसबंदी, लसीकरण आणि घाणीचा बंदोबस्त हीच कामं करावी लागतात. फाटकाबाहेरची कुत्री हाकलली म्हणजे प्रश्न मिटला, असं समजून चालणार नाही.

मालकाच्या कुत्र्याचं वेगळं आहे. आपल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसरीकडे, कुत्र्याला विष घालणं, मारून टाकणं किंवा लुळं करणं हाही कलम ३२५ नुसार गुन्हा आहे. त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शिवाय विषाने काही साधत नाही. खाणं तिथंच राहिलं की रिकाम्या जागेत शेजारच्या गावची कुत्री येतात आणि तीही लस न घेतलेली.

ग्रामपंचायत काय करू शकते?

एकट्या ग्रामपंचायतीला नसबंदी केंद्र चालवणं परवडत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त केंद्र, डॉक्टर आणि पिंजरे लागतात. अनेक गावांनी मिळून पंचायत समितीमार्फत तालुक्याला एक केंद्र मागणं जास्त व्यवहार्य आहे. पण केंद्र होईपर्यंत थांबायची गरज नाही. पुढची कामं गावपातळीवर होऊ शकतात.

लसीकरण शिबिर: पशुधन विकास अधिकाऱ्यांशी बोलून गावातल्या पाळीव आणि हाताशी येणाऱ्या भटक्या कुत्र्यांना वर्षातून एकदा रेबीजची लस द्यावी. एखाद्या भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेजारच्या गोव्यात राज्यभर मोठ्या प्रमाणावर लसीकरण मोहीम राबवल्यावर रेबीज बराच आटोक्यात आला.

घाणीचा बंदोबस्त: चिकन-मटण विक्रेते आणि पोल्ट्रीवाले यांच्या टाकाऊ मालासाठी खड्डा ठरवून द्यावा आणि तो मातीने झाकावा. बाजारतळ त्याच संध्याकाळी झाडावा. शाळेच्या वाटेवरचा उकिरडा हलवावा.

वस्तीवरच्या मालकांशी बोलणी: शाळेच्या वेळात सकाळ-संध्याकाळ एक-एक तास कुत्रं बांधून ठेवलं तरी बराच फरक पडतो. नोटिशीपेक्षा सरपंच, पोलीस पाटील किंवा मुख्याध्यापकांनी घरी जाऊन सांगितलेलं जास्त चालतं.

वाटेचा नकाशा: शिक्षकांनी मुलांनाच विचारून कोणत्या वळणावर, किती कुत्री, कोणत्या वेळी त्रास देतात ते कागदावर मांडावं. असा नकाशा ग्रामसभेत ठेवला की चर्चा नेमक्या ठिकाणावर येते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी होणाऱ्या ग्रामसभांत हा विषय मांडता येतो. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

दिवे आणि झाडोरा: आंधळ्या वळणावरच्या बाभळी-घाणेरी छाटल्या तर कुत्रं लांबून दिसतं. ज्या वळणावर त्रास जास्त, तिथं आधी पथदिवा लावावा.

हे नंबर मोबाइलमध्ये असू द्या

१०८: रुग्णवाहिका. सायकलवरून पडून डोक्याला मार लागला किंवा चेहऱ्याला-मानेला चावा असेल तर वेळ न घालवता फोन करावा.

१०४: आरोग्यविषयक सल्ला. लस कुठे मिळेल याचीही चौकशी इथे करता येते.

१९६२: पशुवैद्यकीय सेवा. जखमी किंवा आजारी जनावरासाठी.

याशिवाय जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा, आशा ताईंचा आणि मुख्याध्यापकांचा नंबर मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावा. दप्तरात साबणाची एक वडी आणि पाण्याची भरलेली बाटली असावी. चावा बसल्यावर दवाखाना गाठायच्या आधी याच दोन गोष्टी कामाला येतात.